इव्हेजिव्ह बाईची साक्ष

माझी बायको मेली. हे वाक्य मी असंच लिहितो अन् असंच बोलतो. लोकांना ते आवडत नाही. भेटायला येणारे बिचारे दारात चपला काढता काढताच शब्द शोधायचे. कोणी म्हणे, "वहिनी गेल्या." मी म्हणे, "कुठं?" तो काढलेली चप्पल पुन्हा घाले. कोणी म्हणे, "सुटली बिचारी." जशी काय माझ्या घरी जेलात होती. माझ्या साळ्यानं तर, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, "ताईचं असं झालं" एवढंच म्हटलं. असं म्हणजे कसं, हे मी त्याला विचारलं, तर तो रडायलाच लागला, म्हणून सोडून दिलं.

शेवटी गल्लीच्या टोकाचा एक म्हातारा आला. खाटेवर बसला, पाणी प्यायला, मिशी पुसली, बराच वेळ पंख्याकडे पाहिलं अन् म्हणाला, "बरं, बाकी सगळं ठीक?"

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो. अन् हसता हसता तोंडातून निघून गेलं, "इव्हेजिव्ह!"

म्हाताऱ्याला वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलं. तो घाईघाईनं उठून गेला.

हा शब्द इंग्रजी आहे. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडत. मला येणारे इंग्रजी शब्द सगळे कारखान्यातले. रॉड, होल्डर, शिफ्ट, गेटपास, ओव्हरटाइम. हे सगळे हाताला लागणारे, नाहीतर पोटाला लागणारे. हाताला न लागणारा इंग्रजी शब्द माझ्याजवळ हा एकच, अन् तो मला बायकोमुळे मिळाला. भर कचेरीत एका साहेबानं तो तिच्याबद्दल लिहून घेतला होता. त्याची गोष्ट सांगतो.

माझी बायको मुकी नव्हती. सकाळी चूल पेटली की तोंड सुरू, ते रात्री दिवा मालवेपर्यंत. पण सरळ उत्तर म्हणून नाही. "भात झाला का वं?" विचारलं की "तुम्ही हात तं धुवा" म्हणणार. बांगडी फुटली म्हणायची नाही, वाढवली म्हणायची. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. हे तर सगळ्याच बायका करतात. पण ही घरातलं मीठ सरलं तरी सरलं म्हणत नव्हती. म्हणायची, "मीठ भरपूर आहे, येताना घेऊन या." पहिल्या वर्षी मी भांडायचो की भरपूर आहे तं आणू काहून? मग नुसतं आणायला लागलो.

अन् नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही. ते तेव्हा कोणीच घेत नव्हतं. पण आमच्याकडे त्याचा जरा जास्तच घोळ होता.

माझं नाव इथं लिहीत नाही. तिनं जन्मभर घेतलं नाही, मीच काहून घेऊ? एवढंच सांगतो की मी ज्या वारी जन्मलो, त्या वाराचंच नाव आईनं मला ठेवलं. आमच्या गावाकडे तशीच रीत होती. पोरं फार अन् वार सात, म्हणून एकेका वाराचे चार-चार जण गावात असायचे. लग्न झालं त्या दिवशी माझ्या बायकोनं माझं नाव तोंडातून टाकलं, अन् त्याच्यासोबत तो वारही टाकला. त्या वाराला ती "बाजाराचा दिवस" म्हणायची.

आता नागपूर कसं आहे ते पाहा. इथं पेठांनाही वारांची नावं. इतवारी, शुक्रवारी, शनिवारी, अशा. आमच्या दोन खोल्या ज्या पेठेत होत्या, तिचं नावही माझ्याच वाराचं निघालं. तिथला बाजार त्याच दिवशी. अन् मी कळमेश्वरला वेल्डर म्हणून लागलो, तर कारखान्याची सुट्टीही नेमकी त्याच वारी. म्हणजे माझं नाव, माझी सुट्टी, गल्लीतला बाजार अन् घराचा पत्ता, सगळं एका शब्दात, अन् त्या शब्दाला तिच्या तोंडात कुलूप.

यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते घरमालकामुळे.

कळमेश्वरला तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते. काम भरपूर, डबल शिफ्ट भरपूर. रोज जाणं-येणं जमेना, म्हणून मी तिकडेच दोघा-तिघांसोबत पथारी टाकायचो अन् सुट्टीच्या दिवशी घरी यायचो. ती नागपुरातच राहायची. घरमालकाला आमच्या खोल्या मोकळ्या करून पाहिजे होत्या. पण तेव्हा भाडेकरूला असं उचलून बाहेर टाकता येत नव्हतं. रेंट कंट्रोलच्या साहेबाची परवानगी लागायची अन् परवानगीला कारण लागायचं. ते कारण शोधायला मालकानं आपला दिवाणजी पाठवला. सुकलेला माणूस, कानावर पेन्सिल, भिंतीकडे असा पाहायचा जशी काय तीच त्याची लेक आहे.

मी घरी नव्हतो. ही दारात उभी. पुढचं मला तिनंच सांगितलं, अन् मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"तुमचे मालक आहेत का घरी?" दिवाणजी म्हणाला.

"बाहेर गेले."

"कुठं?"

"कामाले."

"येतीन कधी?"

"बाजाराच्या दिवशी."

"बाजाराचा दिवस म्हणजे कोणता?"

"तुम्हाले नाही माहीत? तुमच्या घरी भाजी कोण आणते?"

"बाई, या खोल्यांत राहते कोण?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"मी अन् घरातले."

"घरातल्याचं नाव सांगा ना."

यावर हिनं पदर ओढला अन् म्हटलं, "चहा घेता का?"

दिवाणजीनं चहा घेतला. बशीत ओतून, फुंकून, सावकाश घेतला. अन् जाऊन मालकाला सांगितलं की भाडेकरू वर्षभरापासून कळमेश्वरला पळाला, अन् आत कोणी दुसराच माणूस राहते, ज्याचं नाव ते बाई काही केल्या सांगत नाही. तसाच अर्ज लागला. म्हणजे मी माझ्याच घरात दुसरा माणूस झालो.

नोटीस आली तेव्हा मी म्हटलं, "अवं, तू त्याले एवढं सांगितलं नाही का, की नवरा राहते म्हणून?"

"नवरा म्हणू? परक्या माणसापाशी?" ती लाजून लाल झाली. लग्नाला तेव्हा किती वर्षं झाली होती, ते सांगत नाही.

आम्ही वकील केला. अंगानं भरलेला, आवाजानं गोड. तो म्हणाला, काही नाही, अगदी सोपी केस आहे, साहेबापुढे उभं राहायचं अन् खरं बोलायचं. मला आनंद झाला. खरं बोलणं मला जमते. दुसरं काही जमत नाही.

पहिल्या तारखेला मला उभं केलं. साहेब टेबलाच्या मागे, बाजूला टायपिस्ट. साहेब मराठीत ऐकायचा अन् टायपिस्टला इंग्रजीत सांगायचा. मालकाचा वकील उंच, बारीक आवाजाचा, फार अदबीनं विचारणारा.

"कळमेश्वरला जेवता का?"

"जेवतो."

"झोपता?"

"झोपतो. माणूस आहो."

"आठवड्यातून किती दिवस?"

"सुट्टीचा सोडून सारेच."

"मग नागपूरच्या घरी येऊन काय करता?"

मी विचार केला. खरं सांगायचं होतं. "अंघोळ," मी म्हणालो. "तिकडे पाणी कमी आहे."

लोक हसले. आमच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. टायपिस्टनं ते टकटक करून छापलं, अन् मला जाऊन बसायला सांगितलं. माझ्या खरेपणानं आमची अर्धी केस तिथंच बसली. उरलेली अर्धी उभी करायला वकिलानं माझ्या बायकोला बोलावलं.

ती नवीन लुगडं नेसून आली होती. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर. तिनं आपलं नाव सांगितलं, तेही आवाज नाही निघाल्यासारखं.

साहेब म्हणाला, "पतीचं नाव?"

तिनं बांगड्या मागं सारल्या.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

ती हसली. पदराचं टोक दातात धरलं.

"राहता कुठे? पत्ता?"

आता पत्ता म्हणजे पेठ. ती म्हणाली, "आपल्या घरी."

"घर कुठं आहे?"

"बाजारापाशी."

"कोणत्या बाजारापाशी?"

"जो भरते तो."

मालकाचा वकील पुढे सरकला. "दिवाणजी तुमच्या घरी आले होते, ते कोणत्या वारी?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की माणूस काहून असा छळते. कारण दिवाणजी आला तो वार तिला पाठ होता. बाजाराचा आदला दिवस होता. ती तेच म्हणाली, "बाजाराच्या आदल्या दिवशी."

"तो वार कोणता?"

आता हा वार तिला घेता येत होता. पण तिला वाटलं, हा घेतला तर हा माणूस लगेच विचारन, त्याच्या पुढचा कोणता? म्हणून ती म्हणाली, "मले वारातलं काही समजत नाही."

मग तो वकील साहेबाकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाला, अन् साहेबानं टायपिस्टला सांगितलं. त्या एवढ्या इंग्रजीतून एकच शब्द माझ्या कानात अडकला, कारण तो दोघांनीही म्हटला, अन् म्हणताना दोघांनीही माझ्या बायकोकडे पाहिलं. इव्हेजिव्ह.

बाहेर येऊन मी वकिलाला धरलं. "वकीलसाहेब, ते इव्हेजिव्ह म्हणजे काय जी?"

"तसं काही विशेष नाही. कायद्यात असे शब्द येतात."

"चांगलं का वाईट?"

"ते संदर्भावर असते."

"आपल्या बाजूचं का त्यांच्या?"

"आता कसं आहे पाहा, शब्दाले तशी बाजू नसते."

"पण माझ्या बायकोले म्हटलं ना ते?"

"बाईंना असं नाही. एकूण उत्तरांना." अन् छत्री उघडून निघून गेला. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.

अर्थ मला घरी कळला. शेजारच्या खोलीत शाळेचे एक मास्तर राहायचे. त्यांच्याजवळ जाडजूड डिक्शनरी होती. त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली अन् सांगितलं, टाळाटाळीचं बोलणं. विचारलं एक, सांगितलं भलतंच, अन् खोटं मात्र पकडता येत नाही, असं बोलणं. मी तिथल्या तिथं हसायला लागलो. मास्तरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "मास्तर, आमच्या वकिलानं मले अर्थ सांगितला नव्हता, पण पूर्ण करून दाखवला होता."

बायकोला मात्र हसू आलं नाही. ती चुलीपुढून उठूनच आली.

"मी टाळाटाळ केली? मी? साऱ्या प्रश्नाची उत्तरं दिली मी!"

"नाव नाही सांगितलं."

"ते टाळाटाळ नाही, ते रीत आहे. त्या साहेबाले एवढं समजत नाही तं त्याले खुर्चीवर कोणी बसवलं?"

"तो म्हणते, तू इव्हेजिव्ह आहे."

"तो स्वतः काय आहे मग? मी विचारलं त्याले, साहेब, घर राहीन ना आमचं? तं म्हणते, पाहू. पाहू म्हणजे काय? हो का नाही?"

मला तिचं म्हणणं पटलं. अन् त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरी राहायला आला. सुरुवातीला मी वापरायचो, तिला चिडवायला. पण हत्यार ज्याच्या हाताला बसते त्याचं होते. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा चांगला वापरू लागली. शिंप्याला विचारलं, झंपर झालं का? तो म्हणाला, होऊनच राहिलं ताई. ही दुकानातून निघता निघता मला म्हणे, "इव्हेजिव." शेवटचा तुकडा ती खायची. संत्रेवाल्याला विचारलं, गोड आहे का? तो म्हणाला, खाऊन तर पाहा. "इव्हेजिव." माझी बहीण पोळ्याला आली, हिनं विचारलं, राहणार किती दिवस? बहीण म्हणाली, "आता आली तं आली." ही आत येऊन माझ्या कानात तोच शब्द म्हणाली. मी सख्ख्या बहिणीची बाजू घ्यायला पाहिजे होती, पण हसू दाबता दाबता ठसका लागला.

मी विचारलं, "अन् तू मिठाचं म्हणते ते काय आहे?"

"ते वेगळं. ते कोणाले फसवाले नाही."

मला हा फरक तेव्हा बारीक वाटला. आता नाही वाटत. कोणी आपल्याला चुकवायला गोल बोलते, अन् कोणी आपल्याला काही होऊ नये म्हणून गोल बोलते. इंग्रजांजवळ दोन्हीला एकच शब्द दिसते. त्यांच्या घरी मीठ सरत नसन.

हे मधेच सांगतो. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिला धंतोलीत एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. बाहेर बाकावर सारा विदर्भ बसला होता, डबे घेऊन, उश्या घेऊन. डॉक्टरनं तपासलं, कागद पाहिले, चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, "काळजीचं तसं कारण नाही. पण काळजी घ्या." मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मरन का हे?" तिच्यासमोरच. डॉक्टर म्हणाला, "आपण आशा ठेवू." मी म्हटलं, "आशा मी ठेवतो, तुम्ही उत्तर द्या." तेव्हा ती, अंगात बसायची ताकद नव्हती तरी, माझी बाही ओढून म्हणाली, "राहू द्या जी. बिचारा दिवसभर किती जणाले सांगन?" डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं अन् त्याचे डोळे भरले. त्या दिवशी तिनं तो शब्द वापरला नाही. वापरता आला असता.

तर केस. आमच्या वकिलानं साहेबाला विनंती केली की बाई घाबरली होती, एकदा पुन्हा विचारू द्या. साहेबानं तारीख दिली. वकील आम्हाला म्हणाला, अन् पहिल्यांदाच सरळ म्हणाला, "बाईंनी नवरा तिथंच राहतो हे साहेबाला पटवलं तर खोल्या राहतात. नाहीतर जातात. आता तुम्ही पाहा."

मी घरी स्टूल मांडलं, त्यावर साहेब होऊन बसलो. "बाई, पतीचं नाव?"

"भाजी जळते," म्हणून ती उठली.

मास्तर, मास्तरीण, गल्लीतल्या बाया, साऱ्यांनी समजावून पाहिलं. मास्तरीण म्हणाली, हळूच घ्या, ओठातल्या ओठात. एक म्हणाली, निम्मं घ्या. ती साऱ्यांना चहा द्यायची अन् ऐकून घ्यायची. शेवटी मी चिडलो.

"घे ना नाव! मरत नाही मी. घेऊन तं पाहा."

"पाहा म्हणता! मेल्यावर कोण पाहीन, तुम्ही?"

मी हसलो, पण ती हसली नाही. मग तिनं सांगितलं, जे तोवर मला माहीत नव्हतं. ती लहान असताना तिच्या आईनं एकदा भांडणात, रागाच्या भरात, तिच्या बापाचं नाव घेतलं होतं. त्याच वर्षी बापाला शेतात साप चावला अन् तो गेला. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, मीच खाल्लं त्याले.

"साप काय नाव ऐकून येते का वं?" मी म्हणालो.

"नसन येत," ती म्हणाली. "घर गेलं तं दुसरं पाहू. तुम्ही गेले तं?"

मी ते साहेबाचं स्टूल उचलून जागेवर ठेवलं. मला खोल्या पाहिजे होत्या. एवढ्या भाड्यात नागपुरात कोणी गोठा दिला नसता. पण तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या, अन् तिनं त्यांतली एक केव्हाच निवडली होती. मी मनातल्या मनात सामान बांधायला लागलो.

तारखेला ती पुन्हा उभी राहिली. मी आत न जाता दारातच उभा होतो. तिकडे दिवाणजी, कानावर पेन्सिल, मालकाच्या वकिलामागे.

साहेब म्हणाला, "बाई, आज तरी नाव सांगा."

ती मान हलवून नाही म्हणाली. आज लाजली नाही. सरळ साहेबाकडे पाहिलं अन् म्हणाली, "नाव नाही घेता येत साहेब. दुसरं काही विचारा. सारं सांगतो."

मालकाचा वकील इंग्रजीत उठला. साहेबानं त्याला हातानं बसवलं. कंटाळला असन, नाहीतर घरी त्याचीही तीच गत असन. म्हणाला, "ठीक आहे. नाव राहू द्या. तुमच्या घरात जो माणूस राहतो, तो कसा आहे ते सांगा."

बापा रे बापा!

"सांगतो ना," ती म्हणाली. "काळा आहे. बुटका नाही, उंच नाही, पण समजते स्वतःले उंच. बोलते असा का भांडून राहिला. प्रेमानं बोलला तरी शेजारचे खिडकीतून पाहतात. हातावर कोपरापर्यंत जळल्याचे डाग, मी तेल लावतो म्हटलं तं हात ओढते. जेवाले बसला की पहिल्या घासाले म्हणते मीठ कमी, टाकलं की म्हणते जास्त. झोपेत घोरते, अन् उठवलं तं म्हणते मी जागाच होतो. जोडा जिथं उभा असन तिथंच काढते, अगदी दारात, मग कोणी पडो का मरो..."

त्याच वेळी चहाचे कप घेऊन चपराशी दारातून आत आला, माझ्या जोड्यात अडकला, अन् कप-बशा घेऊन भिंतीवर जाऊन आदळला. मी जोडा दारातच काढला होता. सगळ्यांनी आधी जोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोणीतरी म्हणालं, "हाच आहे."

ती थांबली नाही. वर्षानुवर्षांचं साचलेलं होतं, अन् आज सरकारनं विचारलं होतं. "अन् घरी आला की दोन घडी बसत नाही. सुट्टीचा दिवस, माणसानं आराम करावं? नाही. लोखंडाचं काहीतरी घेऊन येते अन् भिंतीत ठोकते. दिवाळीले चुना मारला, आठ दिवस नाही झाले तं फळी लावाले सारी भिंत भोकं भोकं केली..."

"हो ना!"

हे दिवाणजी ओरडला. तो उभाच राहिला. पेन्सिल कानावरून खाली पडली. "साहेब, ताज्या चुन्यात! नवा चुना, अन् ह्यानं एवढाले खिळे ठोकले! मी स्वतः उभं राहून याले म्हटलं की हे काय चालवलं तुम्ही, तं हातोडी घेऊन माझ्या अंगावर आला! मलेच म्हणते, खोलीत मी राहतो का तुम्ही राहता!"

"कोण म्हणालं?" साहेबानं विचारलं.

"हाच! हा दारातला!"

"केव्हा?"

"ह्याच दिवाळीनंतर!"

मला ते भांडण आठवलं. मी तोवर विसरून गेलो होतो. मी तेव्हा रोज कोणाशी ना कोणाशी भांडायचो, किती लक्षात ठेवणार? पण मालकाच्या वकिलाचा चेहरा पाहिला अन् मला कळलं की काय झालं: वर्षभरापासून पळालेला भाडेकरू त्यांच्याच माणसानं दिवाळीनंतर खोलीत उभा केला होता. तो दिवाणजीचा कोट धरून खाली ओढत होता, अन् दिवाणजी बसत नव्हता. त्याला अजून भिंतीचं सांगायचं होतं.

साहेब टायपिस्टला सांगू लागला. या वेळी मी कान देऊन ऐकलं, पण तो शब्द आला नाही. मग साहेब मराठीत म्हणाला, "अर्ज नामंजूर. भाडेकरू राहतो. भिंतीची भोकं बुजवून द्या."

"बुजवतो," मी दारातून म्हणालो.

"अन् जोडा उचला."

बाहेर आलो तर आमचा वकील मला मिठी मारायला आला, जशी काय केस त्यानं जिंकली. मी त्याला म्हटलं, "आता सांगा, शब्दाले बाजू असते का नाही?" तो म्हणाला, "तसं पाहिलं तर..." अन् छत्री उघडू लागला.

ती मात्र झाडाखाली एकटी उभी होती. चेहरा उतरलेला. मला वाटलं, दमली. जवळ गेलो तर म्हणाली, "चार लोकांत काय काय बोलली मी तुम्हाले."

"खरंच तं बोलली."

"खरं असलं म्हणून काय झालं? आज उपास करतो."

"मीठ कमीचं तं बरोबर होतं वं, मीठ कमीच असते."

तेव्हा जरा हसली. घर राहिलं होतं. तिनं कोणाचं आयुष्य कमी न करता ते राखलं होतं, अन् तरी अपराधी म्हणून उभी होती. मी तिला चहा पाजला असता, पण बाईमाणसाला रस्त्यावर चहा पाजायची तेव्हा रीत नव्हती. म्हणून सायकल रिक्षा केली. एरवी आम्ही पायीच जायचो.

रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं भाऊ?"

मी तोंड उघडलं. पेठेचं नाव सांगणार, तोच ती माझ्या आधी म्हणाली, "चाल ना भाऊ तू. मी सांगतो रस्ता."

"पण जायचं कुठं माय?"

"घरी. चाल सरळ."

रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तो निघाला. ती पुढे वाकून, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून, सांगत राहिली. आता डावीकडं घे. त्या पिंपळापाशी नाही, त्याच्या पुढच्या वळणावर. इथं खड्डा आहे, जपून. तो अर्ध्या रस्त्यात वैतागून म्हणाला, एक नाव सांगून टाका ना माय, मी जन्मापासून नागपुरात आहो. ती म्हणाली, मग तुले रस्ता समजाले काय अडचण आहे? अन् पुन्हा सुरू. मी एका शब्दात त्याची सुटका करू शकत होतो. पण मी हात मांडीवर ठेवून गप बसलो, अन् तिनं वळणामागून वळण सांगत आम्हाला दोघांनाही आमच्या दारापर्यंत आणलं.